स्लाईडांचा हलवाई

मिठाईशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, तरी ओळखीतले सगळे त्याला हलवाई म्हणत. हे नाव त्याला छापखान्यात मिळालं. तिथे तो संगणकावर पानं लावायचा आणि फावल्या वेळात मालकांच्या गिऱ्हाइकांसाठी हलत्या स्लाईडा करून द्यायचा. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा बसायचा, पूर्वी हातानं अक्षरांचे खिळे जुळवणारा. तो एकदा म्हणाला, "आम्ही जन्मभर अक्षरं बसवली. हा पठ्ठ्या बसलेली अक्षरं उठवतो आणि हलवत बसतो. हलवाईच की हा." पुढे छापखाना बंद पडला, म्हातारा कुठे गेला कुणाला ठाऊक, पण नाव राहिलं. बायकोनंसुद्धा मोबाइलमध्ये त्याचा नंबर त्याच नावानं ठेवला होता.

छापखाना सुटल्यावर त्यानं घरातच टेबल मांडलं. बाहेरच्या खोलीत, खिडकी डाव्या हाताला येईल असं, म्हणजे पडद्यावर उजेडाचा डाग पडत नाही. टेबलाच्या एका अंगाला कपड्यांचं कपाट, दुसऱ्या अंगाला मुलीची अभ्यासाची खुर्ची. बायको चष्म्यांच्या दुकानात काउंटरवर होती. ती सकाळी गेली आणि मुलगी कॉलेजला गेली की घर त्याचं एकट्याचं. मग गिऱ्हाइकं यायची. विमा विकणारे, दातांचे डॉक्टर, शाळेच्या बाई, कुणी नवीन यंत्र काढलेलं, कुणाला सरकारी साहेबापुढे उभं राहायचंय.

गिऱ्हाईक समोर बसलं की तो आधी लॅपटॉप उघडायचाच नाही. विचारायचा, शेवटच्या रांगेत कोण बसणार आहे? त्याला काय ऐकू येणार, काय दिसणार, आणि घरी जाताना त्याच्या डोक्यात कोणती एक गोष्ट राहायला हवी? गिऱ्हाइकं गोंधळायची. त्यांना वाटायचं हा रंग विचारेल, चित्रं विचारेल. दातांच्या डॉक्टरांनी तर सरळ सांगितलं होतं की सगळं हललं पाहिजे, गरगर फिरलं पाहिजे, लोक बघत राहिले पाहिजेत. त्यावर तो म्हणाला होता, "डॉक्टर, लोक त्याच्याकडे बघत राहिले तर तुमच्याकडे कोण बघणार? नाकापेक्षा मोती जड नको."

आपल्या कामाबद्दल त्याचे विचार पक्के होते आणि ते तो कुणालाही हातचं न राखता सांगायचा. एका वेळी एकच गोष्ट हलवा. जी हलेल ती काहीतरी सांगत असली पाहिजे. वाढ दाखवायची तर खालून वर येऊ द्या, जे संपलं ते बाजूला जाऊ द्या, नुसतं करमत नाही म्हणून काही नाचवू नका. आपण डावीकडून वाचतो, तर ओळ डावीकडूनच यावी. बोलणारा पोचायच्या आधी ओळ पडद्यावर आली तर लोक ती वाचून मोकळे होतात, आणि मग बोलणारा शिळं वाढतो. आवाज तर नकोच. सभागृहातल्या यंत्रावर एकदा लावून बघायचं, कारण दुसऱ्याच्या यंत्रावर अक्षरांचं वळण बदलतं, जोडाक्षरं तुटतात आणि मुहूर्तालाच हसं होतं. आणि सगळं झालं की पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा चालवायचं, तेही शेवटच्या खुर्चीपाशी उभं राहून, दुसरं काहीही न करता. हे शेवटचं तो इतक्यांदा म्हणायचा की मुलगी त्याची नक्कल करायची.

एका हिवाळ्यात त्याला सर्दीताप झाला. ताप उतरला, सर्दी गेली, तो पुन्हा टेबलाशी बसला. शाळेच्या बाईंचं काम होतं. एक ओळ डावीकडून आली, जागेवर थांबली, पण टेबल थांबलं नाही. खिडकी, कपाट, भिंत, सगळं त्याच दिशेला वाहायला लागलं. पायाखालची जमीन सरकली असं आपण नुसतं म्हणतो. त्याची खरोखर सरकली. त्यानं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि तसाच खाली बसला. संध्याकाळी बायको आली तेव्हा तो जमिनीवर कुशीवर पडून होता आणि शेजारी बादली होती.

डॉक्टरांनी तपासलं, डोकं इकडे तिकडे वळवलं, डोळ्यांत बघितलं. म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, तिला तापात इजा झालीय. डोळे एक सांगतात, कान दुसरंच सांगतो, मेंदूनं कुणाचं ऐकायचं? काही व्यायाम दिले, गोळ्या दिल्या. काहींचं पूर्ण बरं होतं, काहींना सवय होते, असंही म्हणाले. मी कोणत्यातला, असं त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, बघू या, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तो दुसऱ्यातलाही निघाला नाही. चालणं सुधारलं, भिंतीचा आधार सुटला, घोट घोट चहा पोटात राहायला लागला. पण पडद्यावर काही सरकलं की पोटात ढवळायचं. छताचा पंखा सुरू असला तर तो त्या खोलीत जेवायचा नाही. मुलगी लांब केस विंचरत समोरून गेली तरी मान खाली घालायचा. जगात इतक्या गोष्टी हलतात हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं, आणि ज्याला ते सगळ्यांत आधी ठाऊक असायला हवं तो हाच.

गिऱ्हाइकांना त्यानं सांगितलं नाही. काय सांगणार? स्वयंपाक्यानं मला अन्नाचा वास सोसवत नाही म्हणावं, तसंच ते. शिवाय काम करायची एक वाट त्याला सापडली होती. प्रत्येक स्लाईडला बाजूला एक यादी असते, कोणती वस्तू, कुठून येणार, किती वेळात. ती यादी हलत नाही. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो यादी वाचून मनातल्या मनात सगळं चालवू शकायचा. आणि शेवटचं बघायला बायको होती.

संध्याकाळी ती दुकानातून आली की हातपाय धुऊन टेबलाशी बसायची. तो तिच्या पाठीमागे, पडद्याकडे पाठ करून, कपाटाकडे तोंड करून. ती सांगत जायची.

"घर आलं. डावीकडून. थांबलं. आता दार उघडलं. अहो, दार जरा घाईत उघडतंय, चोर आल्यासारखं."

"आणि नाव?"

"नाव नंतर आलं. हळू आलं. छान वाटतं."

सुरुवातीला तिला सांगता यायचं नाही, नुसतं आलं-गेलं म्हणायची. पुढे नजर तयार झाली. चेष्टाही करायची, या तुमच्या विमावाल्याचं छत्रीचं चित्र उघडतं ते आमच्या मालकांच्या जांभईसारखं वाटतं, असं. तो कपाटाकडे तोंड करून हसायचा. त्या दिवसांत कधी कधी त्याला वाटून जायचं की असंच निभून जाईल.

मग पंपांच्या कारखान्याचं काम आलं. पाण्याचे पंप बनवणारा जुना कारखाना, दोन भावांनी काढलेला. थोरले मालक आदल्या वर्षी गेले होते. आता धाकटे मालक कारभार बघत, आणि थोरल्यांची बायको, जिला कारखान्यात गडीमाणसांपासून हिशेबनीसापर्यंत सगळे वहिनी म्हणत, ती घरीच असे. कारखान्याचा वाढदिवस होता. कामगार, विक्रेते, त्यांच्या घरची माणसं, सगळी जमणार होती. धाकटे मालक स्वतः बोलणार होते, आणि मागे स्लाईडा.

धाकट्या मालकांना गंमत आवडायची. पहिला पंप इतका जड होता की तो गाडीतून उतरवताना गाडीच पुढून वर उचलली गेली होती, हा किस्सा थोरले मालक मरेपर्यंत सांगायचे. धाकट्यांना तो पंप पडद्यावर हवा होता. यावा, दोनदा टुणटुण उसळावा, आणि पडद्याबाहेर जाऊन पडावा, म्हणजे नवा हलका पंप त्या जागी येईल. आणि उसळताना आवाज. हलवाई आवाजाला नको म्हणाला. धाकटे मालक म्हणाले, "दादा असता तर दोन आवाज मागितले असते." तेव्हा त्यानं एक घातला. त्याच्या पुढच्याच स्लाईडवर थोरल्या मालकांचा फोटो होता. पांढरी पाटी, खाली नाव, आणि फोटो सावकाश उमटणार, नुसता उमटणार, बाकी काही नाही. त्या स्लाईडवर त्यानं सगळ्यांत जास्त वेळ घालवला होता. बायकोनं ती बघितली तेव्हा म्हणाली, हा माणूस आपल्या ओळखीचा होता असं वाटतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी धाकट्या मालकांचा फोन आला. वहिनींनी दुसरा फोटो काढून दिलाय, तेवढा बदलायचा. आधीच्यात ते कोटात होते, गंभीर. या फोटोत बाह्या वर सरकवलेल्या, हसताहेत. हलवाईनं जुना फोटो काढला, नवा ठेवला. जुन्या फोटोबरोबर त्याची हालचालही पुसली गेली. ती पुन्हा द्यायची म्हणजे एकेक आकडा भरायचा. त्यापेक्षा दुसऱ्या वस्तूवरची उचलून इथे चिकटवणं सोपं. नव्या पंपाचा फोटोही असाच सावकाश उमटत होता. त्यावरची त्यानं उचलली. निदान त्याला तसं वाटलं. मागच्या स्लाईडवर दोन पंप एकमेकांवर ठेवलेले होते, वरचा जाणार होता, खालचा येणार होता. त्यानं वरच्यावर बोट ठेवलं. एरवी त्यानं यादी वाचली असती, पण तेवढ्यात मान वळवताना गरगरलं, आणि डोळे मिटून तो बराच वेळ खुर्चीत बसून राहिला.

संध्याकाळी बायको आली. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजले होते. पाय स्टुलावर ठेवता ठेवता तिनं विचारलं, "बघायचंय का काही?"

"नको. फोटोच तर बदललाय."

"बघते की. दोन मिनिटांचं काम."

"बस तू," तो म्हणाला.

कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. यंत्रं कडेला सरकवून त्यांच्यावर ताडपत्र्या घातलेल्या, तेलाचा वास तरीही होता. हलवाई लवकर गेला, अक्षरं तपासली, जोडाक्षरं शाबूत होती. मग तो एका कोपऱ्यात लॅपटॉपसमोर बसला, पडद्याकडे न बघता. भाषण ऐकायचं आणि योग्य शब्दाला बटण दाबायचं, एवढंच. हे त्याला उत्तम जमायचं. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, फिक्या रंगाच्या साडीत, हात मांडीवर.

धाकटे मालक बोलायला लागले. बोलणं रंगलं. जड पंपाचा किस्सा आला, हलवाईनं बटण दाबलं, टुण्ण टुण्ण आवाज झाला आणि सगळी शेड हसली. मागे उभे असलेले जुने कामगार तर एकमेकांच्या पाठीवर थाप मारायला लागले. धाकटे मालकही हसले, मग थांबले. आवाज बदलला. म्हणाले, हा पंप ज्यानं खांदा लावून उतरवला तो आज इथे नाही.

हलवाईनं बटण दाबलं.

टुण्ण टुण्ण आवाज झाला आणि शेड पुन्हा हसली. सगळी नाही. पण पुष्कळ. आत्ताच हसलेली माणसं, तोच आवाज, हसू ओठांवर तयारच होतं. हलवाईला वाटलं आपण चुकून मागची स्लाईड लावली. त्यानं मान वर केली. पडद्यावर पांढरी पाटी होती आणि खाली थोरल्या मालकांचं नाव होतं. फोटो नव्हता. तो नुकताच उसळ्या मारत पडद्याबाहेर जाऊन पडला होता.

हसू मध्येच तुटलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. धाकटे मालक वळून पडद्याकडे बघत राहिले. हलवाईच्या डोळ्यांपुढे शेड फिरायला लागली होती, तरी त्यानं चाचपडत पुढची स्लाईड लावली. धाकट्यांनी कसंबसं भाषण संपवलं. टाळ्या पडल्या, जेवढ्या पडायला हव्यात तेवढ्या.

लोक खाण्यापिण्याकडे वळले तेव्हा तो वायरी गुंडाळत होता. कुणी त्याला बोललं नाही. धाकटे मालक लांबून एकदा बघून गेले, ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट. वर बघितलं तर वहिनी समोर उभ्या होत्या.

"तो फोटो परत लावता येईल?" त्यांनी विचारलं. "मला नीट बघता आला नाही."

त्यानं सगळी हालचाल पुसून टाकली आणि फोटो पडद्यावर लावला. नुसता. वहिनी पडद्याजवळ गेल्या. उघड्या दारातून उजेड येत होता, त्यात फोटो फिकट दिसत होता, पण भिंतभर मोठा होता. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मागे माणसं खुर्च्या एकात एक घालायला लागली.

मग त्या वळल्या. रागावलेल्या नव्हत्या. "तुम्ही हे आधी स्वतः बघितलं होतं का?" त्यांनी विचारलं.

कान, नस, ताप, डॉक्टर, सगळं त्याच्या तोंडापर्यंत आलं. "नाही," तो म्हणाला.

वहिनींनी मान हलवली. "मला वाटलंच," म्हणाल्या, आणि गेल्या.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मी बघते म्हणत होते, असं ती म्हणेल, याची तो वाट बघत होता. तिनं म्हटलं असतं तर त्याला चिडता तरी आलं असतं. ती उठली, त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि दिवा लावायला गेली.

खरं सांगायचं तर पंपांच्या कारखान्यातली गोष्ट बाहेर फारशी पसरली नाही. धाकट्या मालकांनी कुठे वाच्यता केली नसावी. गिऱ्हाइकं येत राहिली, पण हलवाईच आतून खचून बसला होता. त्यानं सगळ्यांना स्थिर स्लाईडा करून द्यायला सुरुवात केली, सुरेख, स्वच्छ, एकही गोष्ट न हलणारी. विमावाले म्हणाले, छान आहे, पण मेल्यासारखं वाटतं. शाळेच्या बाई काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वेळी आल्या नाहीत. दातांच्या डॉक्टरांनी दुसरा माणूस शोधला, ज्याच्याकडे सगळं गरगर फिरायचं. ज्यांना खरं कारण सांगितलं असतं तर थांबले असते, अशीही दोन-चार माणसं असतील. त्यांनाही त्यानं सांगितलं नाही. बायको म्हणाली, पुन्हा बघत जाऊ ना दोघं मिळून, पूर्वीसारखं. एक-दोनदा त्यानं प्रयत्न केला. कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. ती सांगायला लागली, फोटो आला, डावीकडून, आणि त्याचे पाय आपोआप बाहेर वळले. तो जिन्यात जाऊन उभा राहिला. यावेळी गरगरत नव्हतं. हे त्याच्या लक्षात आलं आणि मग तर काही बोलण्यासारखं उरलंच नाही.

आता तो औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस आहे. बारीक अक्षरं, दिवसभर. कोणती गोळी, किती, केव्हा, मुदत कधी संपते. काम चोख करतो. तिथे त्याला कुणी हलवाई म्हणत नाही. आडनावानं हाक मारतात, आणि पहिल्या हाकेला त्याला कळत नाही की ती आपल्याला आहे. डॉक्टरांकडे जाणं त्यानं सोडलंय. घरातलं टेबल मुलीकडे गेलं.

परवा मुलीला कॉलेजात काहीतरी सादर करायचं होतं. रविवारी सकाळपासून ती त्या टेबलाशी बसली होती. तो आतल्या खोलीत पडून होता. मधलं दार लोटलेलं होतं. आत त्याला नुसती बटणांची टकटक ऐकू येत होती. कामाला लागलेल्या माणसाची टकटक कशी असते हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि नुसतं भरत सुटलेल्या माणसाची कशी असते तेही. ती भरत सुटली होती. एकावर एक, एकावर एक. दोन-तीनदा तिनं स्वतःशीच नाराजीचा आवाज काढला. काय अडलंय ते त्याला जवळपास दिसत होतं. एक शब्द सांगितला असता तरी सुटलं असतं.

तो उठला. चप्पल पायात सरकवली, दारापर्यंत गेला आणि दार ढकललं.

मुलीनं मान वळवून बघितलं. "थांबा बाबा, एक मिनिट," ती म्हणाली, आणि त्याला त्रास होऊ नये म्हणून चटकन लॅपटॉप मिटला. "हं. काय हवंय?"

"काही नाही," तो म्हणाला. "पाणी घ्यायला आलो होतो."

"बसा तुम्ही, मी आणते," म्हणून ती उठली.